एका पापुद्र्याचा प्रवास

चाकण म्हटलं की एकेकाळी दोनच गोष्टी आठवायच्या. एक किल्ला आणि दुसरा कांदा. १६६० साली शाइस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी इथला छोटासा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस झुंजवत ठेवला. आणि चाकणच्या बाजारात कांदा काय भावाने गेला, हा प्रश्न आजूबाजूच्या गावांत आजही काळजीने विचारला जातो. पुढे तिसरी गोष्ट आली, मोटारीची. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, २०१० मध्ये महिंद्रचा. कांद्याच्या गाड्या जायच्या त्याच रस्त्याने नव्या कोऱ्या मोटारींनी भरलेले लांबलचक कंटेनर जाऊ लागले.

आज मी बोलणार आहे ते किल्ल्याविषयी नाही आणि मोटारींविषयीही थेट नाही. त्यातल्या त्यात कांद्याच्या जवळचं आहे. शाळेत आपण सगळ्यांनी कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे. हाताला लागेल न लागेल असा पातळ, पण काही आत येऊ देणारा आणि काही बाहेरच थांबवणारा. असाच एक पापुद्रा माणसाने प्रयोगशाळेत तयार केला. त्याच्या एका बाजूला हायड्रोजन वायू सोडायचा, दुसऱ्या बाजूला हवा. आणि मधल्या मध्ये वीज तयार होते. धूर नाही, धडधड नाही, खाली उरतं ते फक्त पाणी. या उपकरणाला फ्युएल सेल म्हणतात. मराठीत आपण इंधनघट म्हणू. आणि त्यातला पापुद्रा म्हणजे पटल.

तुम्ही म्हणाल, कविता करणाऱ्या माणसाला ही उठाठेव कशाला? मी कलाशाखेचा बी. ए.; रसायनशास्त्राने माझा हात दहावीलाच सोडला. पण मी ज्या पट्ट्यात राहतो, त्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणची चूल गेली साठ वर्षं इंजिनावर पेटते आहे. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर, क्रँकशाफ्ट. हे शब्द आमच्याकडे घराघरात बोलले जातात. उद्या मोटारीतून इंजिनच गेलं तर त्या जागी काय येईल, आणि जे येईल ते कुणाच्या हातचं असेल, हा प्रश्न फक्त इंजिनिअरांचा नाही. म्हणून या पापुद्र्याचा इतिहास मला समजून घ्यावासा वाटला. जेवढा समजला तेवढा सांगतो.

गोष्ट सुरू होते १८३९ मध्ये, आणि तीही एका वकिलापासून. विल्यम ग्रोव्ह हा वेल्समधला माणूस पेशाने वकील, पुढे न्यायाधीश झाला. विजेने पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळतात, हे तेव्हा माहीत होतं. ग्रोव्हने उलटा प्रश्न विचारला. हे दोन वायू पुन्हा एकत्र आणले तर वीज परत मिळेल का? त्याने पातळ गंधकाम्लात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवल्या, एकीवर हायड्रोजनची नळी उपडी घातली, दुसरीवर ऑक्सिजनची, आणि तारेतून वीज वाहू लागली. स्वित्झर्लंडमध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञालाही त्याच सुमारास हेच दिसलं होतं. १८४२ मध्ये ग्रोव्हने असे अनेक घट जोडून त्यांच्या विजेने दुसऱ्या भांड्यातलं पाणी फोडून दाखवलं. एकीकडे पाणी जुळतंय, दुसरीकडे पाणी फुटतंय. न्यायाधीशाला शोभेल असाच हा समतोल!

पण आम्लाने भरलेलं भांडं घेऊन गाडी चालवता येत नाही. ते हिंदकळतं, सांडतं, धातू खातं. १८८९ मध्ये लुडविग मॉन्ड आणि चार्ल्स लँगर यांनी आम्ल मोकळं न ठेवता सच्छिद्र फळीत भिजवून ठेवण्याची युक्ती केली. आपल्या पापुद्र्याचा तो पणजोबा म्हणायला हरकत नाही. मात्र तोपर्यंत कोळसा आणि वाफ यांचं राज्य इतकं पक्कं झालं होतं, की या घटाकडे बघायला कुणाला फारशी फुरसत नव्हती.

पुढचा धागा अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये ॲडम्स आणि होम्स या दोघा शास्त्रज्ञांना असं राळेसारखं प्लास्टिक सापडलं, की ते पाण्यातला एक आयन धरतं आणि त्याच्या बदल्यात दुसरा सोडतं. ग्रामोफोनच्या तबकड्यांचा चुरा करून पाहताना हा गुण त्यांच्या ध्यानात आला, असं सांगितलं जातं. गाणं धरून ठेवणारी तबकडी क्षारही धरून ठेवते, हे कवीला सुचलं असतं तर लोक हसले असते. इथे ते विज्ञानाच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे. त्यातून आयन बदलणाऱ्या कृत्रिम राळेचा, म्हणजे रेझिनचा उद्योग जन्माला आला.

हे रेझिन आमच्या भागाला अनोळखी नाही. माझे अब्बा चिंचवडच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलरला जड पाणी चालत नाही. नळ्यांत क्षार बसतात. म्हणून पाणी आधी सॉफ्टनरच्या टाकीतून जायचं. त्या टाकीत खसखशीपेक्षा थोडे मोठे, तपकिरी दाणे भरलेले असत. अब्बा म्हणायचे, ‘हे दाणे पाण्यातला चुना खातात आणि मिठाच्या पाण्याने आंघोळ घातली की पुन्हा भुकेले होतात.’ रसायनशास्त्राच्या पुस्तकात आयन-विनिमयाची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही. फ्युएल सेलचं पटल म्हणजे याच दाण्यांच्या जातीचं प्लास्टिक, फक्त दाणा न करता त्याची पातळ चादर केलेली.

ही चादर करण्याचं श्रेय अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोघा रसायनशास्त्रज्ञांना जातं. १९५५ मध्ये थॉमस ग्रब यांनी सांडणाऱ्या आम्लाऐवजी घट्ट पटल वापरलं. त्या प्लास्टिकच्या रेणूंनाच आम्लाचे गट चिकटवलेले होते. १९५८ मध्ये लिओनार्ड नीड्राख यांनी त्या पटलावर प्लॅटिनम बसवण्याची रीत काढली. झालं! आम्ल आता भांड्यात नव्हतं, पापुद्र्यात होतं.

काम कसं चालतं ते थोडक्यात पाहू. हायड्रोजनचा अणू म्हणजे एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, एवढाच संसार. प्लॅटिनमला स्पर्श होताच हा संसार मोडतो. पटल प्रोटॉनला आतून वाट देतं, इलेक्ट्रॉनला मात्र अडवतं. मग इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेने वळसा घालून जावं लागतं, आणि त्याचा हा वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे ऑक्सिजन वाट पाहत असतो. दोघे तिथे पुन्हा भेटतात आणि पाणी होतं. एका घटातून प्रत्यक्ष कामाच्या वेळी एका व्होल्टपेक्षाही कमी दाब मिळतो, म्हणून असे शेकड्यांनी घट एकावर एक रचतात. या चळतीला स्टॅक म्हणतात. म्हणजे सगळी करामत आहे ती निवडीची. कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला नाही. पडदा हा फारसीतून मराठीत आलेला शब्द. घराचा पडदा माणसांची निवड करतो, हा पडदा कणांची.

२१ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकेचं जेमिनी-५ हे यान दोन अंतराळवीरांना घेऊन आठ दिवसांच्या फेरीवर निघालं. माणसांना नेणाऱ्या यानात इंधनघट वापरला गेला तो तेव्हा पहिल्यांदा, आणि तो पटलाचा होता. वीज मिळाली, पण पापुद्र्याचं दुखणंही समोर आलं. ते प्लास्टिक हळूहळू झिजत होतं आणि त्याचे अंश तयार होणाऱ्या पाण्यात उतरत होते. ते पाणी पिण्यालायक नव्हतं. पुढे चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनी पटलाचा नाद सोडला आणि इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकन यांनी विकसित केलेल्या दुसऱ्या जातीच्या, अल्कली घटांचा मार्ग धरला.

मग पापुद्र्याला जीवदान मिळालं ते तव्यावरच्या टेफ्लॉनमुळे. टेफ्लॉन १९३८ मध्ये सापडलं होतं. त्याला आम्ल खात नाही, उष्णता सहज वितळवत नाही, काही चिकटतही नाही. डूपॉन्ट कंपनीतल्या वॉल्थर ग्रोट यांनी साठच्या दशकात या टेफ्लॉनच्या साखळीला आम्लाच्या फांद्या जोडल्या. त्याचं नाव नॅफिऑन. मुळात त्याचा मोठा वापर झाला तो मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवण्यासाठी. पण इंधनघटाला हवं होतं ते नेमकं हेच होतं.

नॅफिऑनच्या पोटात काय घडतं ते ऐकण्यासारखं आहे. त्याचा टेफ्लॉनचा कणा पाण्याशी फटकून वागतो, तर आम्लाचं टोक पाण्यासाठी आसुसलेलं असतं. एकाच रेणूत हे दोन स्वभाव. मग पटल ओलं झालं की पाणीप्रेमी टोकं एकमेकांजवळ येतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचे सूक्ष्म डोह आणि त्यांना जोडणारे पाट तयार होतात. साबणाच्या पाण्यातही असंच काही घडतं. तिथे साबणाचे रेणू पुंजके करून राहतात. ही साबणाच्या पुंजक्यांची कल्पना ज्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली, ते जेम्स मॅकबेन हेच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, आपल्या एनसीएलचे पहिले संचालक. पाषाणच्या माळावरच्या त्या प्रयोगशाळेचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी केलं. मॅकबेन यांच्यानंतर आले जॉर्ज फिंच. हे तेच फिंच, ज्यांनी १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनची नळकांडी पाठीवर घेऊन चढाई केली होती. पहिले संचालक पाणीप्रेमी रेणूंचे अभ्यासक, दुसरे प्राणवायू पाठीवर वाहणारे गिर्यारोहक. इंधनघटाचं काम पुढे याच संस्थेत व्हावं, हा योगायोगच. पण मोठा गोड योगायोग आहे.

आता प्रोटॉन या पाटांमधून जातो कसा? याचं उत्तर ग्रोटहुस नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने १८०६ मध्येच सुचवून ठेवलं होतं. आपल्याकडे इमारतीचा स्लॅब पडतो तेव्हा मजुरांची रांग लागते. बाया-माणसं आपापल्या जागी उभी असतात आणि काँक्रीटचं घमेलं हातोहात वर जातं. तसंच इथे होतं. पाण्याचे रेणू रांगेत असतात, प्रोटॉन एकाकडून दुसऱ्याकडे दिला जातो. रांगेतला एक जण जरी हटला तरी घमेलं अडतं. म्हणजे पटल सुकलं की रांग मोडली आणि वीज थांबली. आणि पाणी फार झालं, तर वायूला आत शिरायची वाटच बुजते.

नॅफिऑनचे नखरे इथूनच सुरू होतात. त्याला सतत ओलं ठेवावं लागतं. तापमान ८०-९० अंशांच्या वर गेलं की ते सुकायला लागतं. पण तापमान कमी ठेवलं तर हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइडचा अंशही प्लॅटिनमला बाधतो, म्हणून वायू अत्यंत शुद्ध लागतो. पटल पातळ केलं तर प्रोटॉन लवकर पोचतो, पण मग हायड्रोजनही चोरपावलांनी पलीकडे जातो आणि बारीकसं भोक पडण्याची भीती. जाड केलं तर वीज आतच अडखळते. शिवाय ते महाग, आणि असं पटल बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच.

यावर उपाय म्हणून जे निघालं ते संमिश्र पटल. नाव भारदस्त असलं तरी कल्पना आपल्या अंगणातली आहे. भिंत लिंपताना मातीत भुसा घालतात, विटेच्या मातीत तूस मिसळतात, स्लॅबच्या सिमेंटात सळई घालतात. एकट्या मातीला तडा जातो. भुसा तिला धरून ठेवतो. पटलातही तेच. कुणी टेफ्लॉनची अतिसूक्ष्म जाळी घेऊन तिच्या छिद्रांत नॅफिऑन भरलं. सळईमुळे स्लॅब पातळ करता यावा, तसं हे पटल केसाच्या जाडीहूनही पातळ करता येऊ लागलं. कुणी त्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या जातीचे अतिसूक्ष्म कण मिसळले. ते पाणी धरून ठेवतात, माठाभोवती गुंडाळलेल्या ओल्या फडक्यासारखे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या संशोधकांनी पाण्याचीच गरज मोडीत काढली. त्यांनी अग्निशामकांच्या कपड्यांत वापरतात ते पॉलिबेन्झिमिडाझोल नावाचं पॉलिमर घेतलं आणि ते फॉस्फरिक आम्लात मुरवलं. लोणच्यात फोड मुरावी तसं. हे पटल १६० अंशांच्या आसपासही काम करतं आणि थोडाफार अशुद्ध हायड्रोजनही चालवून घेतं. त्याचंही दुखणं आहेच. मुरलेलं आम्ल हळूहळू पाझरून जातं.

आणि आता ही वाट पुण्यात येते. २००० साली डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक असताना सरकारी प्रयोगशाळा आणि खासगी उद्योग यांना एका दाव्याला बांधणारा एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. माशेलकर स्वतः पॉलिमरचे अभ्यासक आणि एनसीएलचे माजी संचालक. पुढे या उपक्रमात इंधनघट हा विषय आला. पुण्याची एनसीएल, तमिळनाडूतल्या कराईकुडीची विद्युत-रसायन संशोधन संस्था आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अशा तिघी बहिणी एकत्र आल्या. कुणी पटलावर काम केलं, कुणी प्लॅटिनमच्या थरावर, कुणी कार्बनच्या कागदावर.

२००८ मध्ये एनसीएलच्या विजयमोहनन पिल्लई, भालचंद्र काकडे आणि सहकाऱ्यांनी नॅफिऑनमध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळून संमिश्र पटल केल्याचं काम एका नामांकित जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झालं. यातली गंमत लक्षात घ्या. कार्बनच्या या नळ्या विजेच्या उत्तम वाहक. आणि पटलाचं पहिलं काम काय, तर इलेक्ट्रॉनला अडवणं! म्हणजे ज्याला दाराशी रोखायचं, त्याच्याच भावाला घरात घ्यायचं होतं. म्हणून नळ्यांचं प्रमाण अगदी किंचित ठेवलं आणि नळ्यांच्या अंगावरही आम्लाचे गट बसवले, जेणेकरून त्या प्रोटॉनच्या रांगेत मदतनीस म्हणून उभ्या राहतील आणि पटलही बळकट होईल. चिमूटभर मिठाने भाजी सुधारते, मूठभराने बिघडते. तो हिशेब इथे हजारातल्या अंशांचा होता.

या संशोधनाची फळं कारखान्यापर्यंत यायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उच्च तापमानावर चालणाऱ्या, ५ किलोवॉटच्या पहिल्या देशी इंधनघट संचाचं अनावरण झालं. त्यात या तीन प्रयोगशाळांबरोबर मुंबईची रिलायन्स आणि पुण्याची थरमॅक्स या कंपन्या होत्या. थरमॅक्स म्हणजे आमच्या चिंचवडची शेजारीण. बॉयलर आणि पाणी शुद्ध करणारी रेझिनं हा तिचा जुना व्यवसाय. ज्यांनी आयुष्यभर वाफ आणि रेझिन हाताळलं, त्यांच्याकडे इंधनघट यावा, यात एक तर्कसंगती आहे.

दुसरी वाट मोटारीची. २०१६ मध्ये पुण्याची केपीआयटी कंपनी एनसीएल आणि कराईकुडीच्या संस्थेबरोबर या उपक्रमात आली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी देशी इंधनघटावर चालणाऱ्या मोटारीच्या चाचण्या जाहीर केल्या. १० किलोवॉटचा संच, ६५ ते ७५ अंश तापमान, ३५० बार दाबाच्या टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन आणि त्यावर सुमारे २५० किलोमीटर धाव, असा हिशेब तेव्हा सांगण्यात आला. पटल आणि त्यावरचे प्लॅटिनमचे थर यांची जुळणी, म्हणजे घटाचं काळीज, हे प्रयोगशाळांचं ज्ञान होतं. धातूच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, गॅसकेट आणि नियंत्रण हे कंपनीचं. २१ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी पुण्यात याच जोडीने विकसित केलेल्या इंधनघटाच्या बसचं उद्घाटन केलं. तारीख ओळखीची वाटली? जेमिनी-५ उडालं तोही २१ ऑगस्टच. अंतराळातून पुण्याच्या रस्त्यावर यायला या पापुद्र्याला बरोबर सत्तावन्न वर्षं लागली. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये, पिंपरीत ज्यांचा विस्तीर्ण कारखाना आहे त्या टाटा मोटर्सने इंधनघटाच्या दोन बस इंडियन ऑइलच्या हवाली केल्या.

इथवरची कहाणी अभिमानाची आहे. पण इतिहास सांगायचा तर फक्त फटाके फोडून चालत नाही. आमच्या पट्ट्याला स्वतःची एक आठवण आहे, आणि ती सावध करणारी आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिन बनवणारा देशातला पहिला सरकारी कारखाना. तिथल्या संशोधकांनी, एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली, १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधून काढलं. कारखान्याच्या नावातली अद्याक्षरं त्या औषधाच्या नावात आहेत. पिंपरीच्या मातीतून जगाला दिलेलं ते औषध! पण शोध लागला म्हणजे उद्योग टिकतो असं नाही. भांडवल, बाजार, सातत्य, सगळंच लागतं. नव्वदच्या दशकात ती कंपनी आजारी उद्योगांमध्ये गणली गेली. शोध लावणं ही पेरणी आहे. पीक घरात येईपर्यंत अनेक पाऊस निभवावे लागतात.

दुसरी गोष्ट. हा पट्टा बराच काळ दुसऱ्याच्या नकाशावर वस्तू घडवत आला. आकुर्डीत स्कूटर बनू लागली ती इटलीच्या परवान्याने. १९९५ मध्ये मर्सिडीज पिंपरीत जुळू लागली, पण तिचा जीव जर्मनीतच होता. मग १९९८ मध्ये टेल्कोने इंडिका आणली आणि आम्हीही आखू शकतो, हे दाखवलं. हात आमचे होतेच. त्या दिवसापासून डोकंही आमचं आहे, असं कामगार म्हणू लागला. इंधनघटाच्या बाबतीत हाच प्रश्न पुन्हा दारात उभा आहे. पापुद्रा परदेशातून आणून आम्ही फक्त चळत रचायची, की पापुद्राही इथेच ओतायचा?

आणि भोसरीच्या छोट्या वर्कशॉपचं काय? इंधनघटाच्या गाडीत पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही. हे ऐकून छातीत धस्स होतं. पण एका स्टॅकमध्ये शेकड्यांनी धातूच्या पट्ट्या असतात, त्यांवर केसासारख्या बारीक नाल्या दाबून काढाव्या लागतात. हे प्रेस आणि डायचं काम आहे. वायू न गळणारी गॅसकेट लागतात, झडपा लागतात, हवा दाबणारे कॉम्प्रेसर लागतात, थंड करणारे पंप लागतात. भोसरीच्या कारागिराला डाय कशी घासायची हे शिकवावं लागणार नाही. मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक मोजायला शिकावं लागेल, आणि ते शिकवण्याची सोय त्याच्या गाळ्यापर्यंत पोचावी लागेल. पाषाणची प्रयोगशाळा आणि भोसरीचा गाळा यांत अंतर पंधरा-वीस किलोमीटरचं. पण एकमेकांची भाषा समजायला याहून लांबचा प्रवास करावा लागतो.

तिसरी गोष्ट, जिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. नॅफिऑन हे फ्लोरिनच्या कुळातलं रसायन आहे. या कुळातली अनेक द्रव्यं निसर्गात नष्टच होत नाहीत. पाण्यात, मातीत, शरीरात साठून राहतात. २०२३ मध्ये युरोपातल्या पाच देशांनी या साऱ्या कुळावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे स्वच्छ विजेच्या पापुद्र्यावरच प्रश्नचिन्ह. म्हणून फ्लोरिन नसलेल्या पटलांचा शोध जगभर चालू आहे, आणि त्यात पॉलिबेन्झिमिडाझोलसारख्या पॉलिमरांचं महत्त्व वाढलं आहे. जिच्या पात्रात कारखान्यांचं पाणी उतरलं आहे, त्या इंद्रायणी आणि पवनेच्या काठी राहणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि हायड्रोजन तरी येतो कुठून? तो विहिरीत सापडत नाही. बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायू आणि कोळशापासून निघतो, आणि त्यात धूर असतोच. फक्त तो दुसऱ्याच्या गावात सोडलेला असतो. सूर्य आणि वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून तो मिळवला तरच हिशेब स्वच्छ. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांचं हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपलं धोरण आणलं. पाणी फोडण्याच्या यंत्रांच्या एका महत्त्वाच्या जातीतही असाच पापुद्रा लागतो. ग्रोव्हने १८४२ मध्ये दोन भांड्यांत जे दाखवलं, त्या दोन्हीकडे हा पापुद्रा आज हजर आहे. म्हणजे ज्याच्याकडे पटल, त्याच्या हाती दोन्ही टोकं.

बॅटरीची गाडी पुढे निघून गेली आहे, हेही खरं. रिक्षा, स्कूटर, लहान मोटारी तिकडे वळल्या. इंधनघटाला जागा आहे ती लांब पल्ल्याच्या बस आणि अवजड ट्रकची, जिथे बॅटरीचं ओझं नको होतं. ती जागा छोटी नाही. चाकण-तळेगाव रस्त्यावर कोणत्याही संध्याकाळी उभं राहिलं तर ट्रकांची रांग मोजता मोजता अंधार पडतो.

जवळपास दोनशे वर्षांत या पापुद्र्याला वकिलाने हात लावला, साबणाच्या आणि राळेच्या अभ्यासकांनी घडवलं, अंतराळवीरांनी वापरलं, तव्याच्या रसायनाने वाचवलं आणि पाषाणच्या संशोधकांनी त्यात चिमूटभर कार्बन मिसळला. यात एकट्याचं काहीच नाही. स्लॅबवरच्या घमेल्यासारखं हे ज्ञान हातोहात वर आलं आहे. आता ते आपल्या पट्ट्याच्या हातात आलं आहे. इथला कामगार, इथला कारखानदार, इथली तंत्रशाळा आणि इथली महापालिका यांपैकी कुणीही रांगेतून हटून चालणार नाही. कारण घमेलं अडलं, की ते आपल्यापाशी थांबत नाही. ते दुसऱ्या रांगेकडे निघून जातं.